बेम्बेया : एका वाद्यवृंदाची बखर

आपल्याकडे जुन्या सराफांच्या तोंडी ‘गिनी सोने’ हा शब्द अजून ऐकू येतो. गिनी सोने म्हणजे बावीस कॅरटचे, एवढे गिऱ्हाइकालाही ठाऊक असते. पण हा शब्द आला कोठून, हे बहुधा सराफालाही सांगता येत नाही. इंग्रजांनी १६६३ साली सोन्याचे एक नाणे पाडले. त्याचे सोने पश्चिम आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरून येई, म्हणून नाण्याचेच नाव गिनी पडले. त्या किनाऱ्यावरून सोने गेले तशी माणसेही गेली. गळ्यात साखळदंड घालून, जहाजांच्या तळाशी निजवून, समुद्रापार उसाच्या मळ्यांत नेऊन विकलेली माणसे! त्यांच्या नावाने मात्र कोणी नाणे पाडले नाही.

या माणसांजवळ न्यावयास काहीच नव्हते. भांडे नाही, वस्त्र नाही, पुष्कळदा स्वतःचे नावसुद्धा नाही. पण हाताला ताल ठाऊक होता आणि तो काही कोणाला काढून घेता आला नाही. क्यूबा बेटावर गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १८८६ साली. तोवर त्या बेटाच्या पूर्वेकडील डोंगराळ मुलखात आफ्रिकेचा ताल आणि स्पेनची गिटार यांचा संसार सुरू झालेला होता. त्यातून ‘सोन’ नावाचे गाणे जन्माला आले. सोनचा प्राण म्हणजे लाकडाच्या दोन दांडक्यांवर वाजणारा पाच आघातांचा ठेका. बाकीची सारी वाद्ये त्या ठेक्याभोवती फिरतात, रहाटाभोवती बैल फिरावे तशी.

आणि मग इतिहासाने एक मजेदार उलटा फेरा घेतला. कर्ण्यापुढे कान देऊन बसलेले ते कुत्रे आपल्या आजोबांच्या पिढीला घरच्या माणसासारखे परिचयाचे होते. त्याच ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ कंपनीने १९३३ पासून ‘जीव्ही’ या खुणेची एक तबकड्यांची माला पश्चिम आफ्रिकेत विकावयास काढली. तीत बहुतेक गाणी क्यूबाची. ‘एल मानिसेरो’, म्हणजे शेंगदाणेवाला, हे हवानाच्या रस्त्यावरील फेरीवाल्याच्या आरोळीवर रचलेले गाणे या मालेतून आफ्रिकेच्या बंदराबंदरांत पोचले. ऐकणाऱ्यांना स्पॅनिश भाषेचा गंध नव्हता. पण पाय आपोआप हलू लागले. गावाहून लहानपणी पळवून नेलेले पोर म्हातारे होऊन परतावे, त्याची भाषा कळू नये, पण चालण्याची लकब पाहून आईने त्याला ओळखावे, तसे काहीसे झाले.

त्या लकबीची ओळख ज्यांनी सर्वांत गोड करून दिली, अशा एका वाद्यवृंदाची ही हकीकत आहे. त्याचे नाव बेम्बेया जाझ. आणि तिच्यात गाण्याइतकेच राजकारण आहे, याला माझा इलाज नाही.

फ्रेंचांची आफ्रिकेतील वसाहत असलेल्या गिनी या देशात (गिनी किनारा मोठा, हा देश त्याचा एक तुकडा) १९५८ साली एक विलक्षण गोष्ट घडली. फ्रान्समध्ये द गॉल नुकताच सत्तेवर आला होता. त्याने आफ्रिकेतील वसाहतींपुढे एक प्रश्न ठेवला : फ्रान्सच्या छत्राखालील संघात राहता, की बाहेर पडता? बाहेर पडाल तर फ्रान्सची मदत त्या क्षणापासून बंद. २५ ऑगस्ट १९५८ रोजी द गॉल स्वतः कोनाक्री शहरात आला, तेव्हा तिशीतल्या सेकू तुरे नावाच्या कामगार पुढाऱ्याने भर सभेत त्याला सांगून टाकले की, गुलामगिरीतल्या श्रीमंतीपेक्षा स्वातंत्र्यातले दारिद्र्य आम्हांला पत्करेल. द गॉल रागावून निघून गेला. २८ सप्टेंबर रोजी मतदान झाले. फ्रान्सच्या ताब्यातील पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या साऱ्या वसाहतींनी ‘होय’ म्हटले. एकट्या गिनीने शेकडा पंच्याण्णवांहून अधिक मतांनी ‘नाही’ म्हटले. २ ऑक्टोबरला देश स्वतंत्र झाला.

फ्रेंच गेले ते कसे गेले, याच्या कथा अजून सांगितल्या जातात. कचेऱ्यांतले कागद गेले, टेलिफोन उपटले गेले, दिव्यांचे गोळेसुद्धा काढून नेले म्हणतात. भाडेकरूने जाताना भिंतीतले खिळे न्यावेत, त्यातलाच हा प्रकार. अशा रिकाम्या घरात सेकू तुरेने राज्य मांडले. आणि तिजोरीत खडखडाट असताना त्याने ज्या पहिल्या काही गोष्टी हाती घेतल्या त्यांत एक होती वाद्यवृंदांची.

वसाहतीच्या काळात कोनाक्रीत नाचाचे जलसे होत ते गोऱ्या साहेबांसाठी आणि त्यांच्या पंक्तीला बसू पाहणाऱ्या काळ्या बाबूंसाठी. तेथे टँगो वाजे, वॉल्ट्झ वाजे, पॅरिसची लोकप्रिय गाणी वाजत. वाजविणारे सारे आफ्रिकन. वाजे ते सारे परके. नव्या सरकारने हे वाद्यवृंद एका फटक्यात बरखास्त केले. त्यांतले निवडक वादक एकत्र करून १९५९ साली पहिला राष्ट्रीय वाद्यवृंद उभा केला. त्याचे नाव सिली. सुसू भाषेत सिली म्हणजे हत्ती, आणि हत्ती हे सत्ताधारी पक्षाचे चिन्ह. वादकांना हुकूम असा : वाद्ये विलायती चालतील, पण सूर आपल्या मातीतला पाहिजे. गावोगाव जा, म्हाताऱ्यांची गाणी ऐका आणि ती ट्रम्पेटवर, सॅक्सोफोनवर, गिटारवर आणा. पुढे देशाच्या प्रत्येक जिल्ह्याने आपापला वाद्यवृंद, आपापले नाटक-मंडळ, आपापले नृत्य-पथक उभे करावे असे ठरले. वाद्ये सरकार देणार. जिल्ह्याजिल्ह्यांत चढाओढी होणार आणि जिंकतील त्यांनी कोनाक्रीला यावयाचे. स्त्रियांचासुद्धा वाद्यवृंद निघाला, आणि तो कोठे? पोलिसदलात! ‘ले झामाझोन’ या नावाने १९६१ साली निघालेल्या त्या वृंदातील बाया वर्दीतल्या शिपाई होत्या.

सरकारी हुकमाने कला निर्माण होत नाही, असे आपण मोठ्या आत्मविश्वासाने म्हणत असतो. मी स्वतः शाळामास्तर आहे. वरून आलेल्या परिपत्रकाबरहुकूम बसविलेली समूहगीते मी पुष्कळ ऐकली आहेत, आणि त्या अनुभवावरून माझेही मत तेच होते. पण गिनीचे उदाहरण या मताला मोठी अडचण करते. तेथे हुकमाने वाद्यवृंद निघाले, हुकमाने ते स्पर्धेत उतरले, पुष्कळदा हुकमाने पक्षाची स्तुतीही त्यांनी गायिली. आणि तरीही त्यांतून निघालेले संगीत साऱ्या आफ्रिकेने डोक्यावर घेतले. कारण उघड आहे. हुकूम देणाऱ्याला गाणे निर्माण करता आले नव्हते. गाणे तेथे आठशे वर्षे होतेच. त्याने फक्त वाद्ये दिली, पगार दिला आणि दारे उघडली. हे ‘फक्त’ही काही थोडे नव्हे.

देशाच्या आग्नेय कोपऱ्यात, कोनाक्रीहून रस्त्याने हजारएक किलोमीटरवर, जंगल आणि माळ यांच्या सीमेवर बेयला नावाचे व्यापारी गाव आहे. तेथून एक लहानशी नदी वाहते, तिचे नाव बेम्बेया. १९६१ साली तेथला राज्यपाल एमिल कोंदे याने जिल्ह्याचा वाद्यवृंद उभा करण्याचे मनावर घेतले. जमलेली मंडळी विशी-पंचविशीतली : ट्रम्पेटवर सेकू कमारा, त्याला सारे ‘जाड्या सेकू’ म्हणत, दुसऱ्या पितळी वाद्यावर आश्केन काबा, बास गिटारवर हामिदू दियाउने, गाण्याला सालिफू काबा. गिटारवर एक सतरा वर्षांचा पोरगा, सेकू दियाबाते. वाद्यवृंदाने नाव घेतले ते कोणा पुढाऱ्याचे नव्हे, नदीचे. पुढे ‘जाझ’ हा शब्द जोडला. त्या काळी पश्चिम आफ्रिकेत कोणत्याही नव्या ढंगाच्या, पितळी वाद्ये असलेल्या वृंदाला जाझ म्हणण्याची चाल होती. आपल्याकडे लग्नातल्या कोणत्याही पितळी ताफ्याला बँड म्हणतात, तशी.

या सेकू दियाबातेविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

मांदिंग लोकांत जेली नावाची एक जात आहे. फ्रेंचांनी त्यांना ‘ग्रियो’ म्हटले. कुयाते, दियाबाते ही त्यांतली नावाजलेली आडनावे. राजांच्या वंशावळी मुखोद्गत ठेवणे, लढायांची गाणी गाणे, लग्नमुंजीसारख्या प्रसंगी यजमानाच्या पूर्वजांची थोरवी सांगणे, दोन घराण्यांत वितुष्ट आले तर मध्यस्थी करणे, ही त्यांची वतनदारी. आपले भाट, गोंधळी आणि शाहीर एकत्र केले तर जेलींची काहीशी कल्पना येईल. तेराव्या शतकात सुंदियाताने माली साम्राज्य स्थापिले, तेव्हापासूनचा हा धंदा आहे असे ते सांगतात. त्या काळचा म्हणून सांगितला जाणारा एक बालाफोन, म्हणजे लाकडी पट्ट्यांखाली भोपळे बांधलेले काष्ठतरंगासारखे वाद्य, गिनीतील नियागासोला गावी कुयाते घराण्याने अजून जपून ठेवला आहे.

सेकू दियाबाते या जेली कुळातला. त्याने गिटार हाती घेतली तेव्हा तिच्यावर काय वाजवावयाचे, हे त्याला कोणी परदेशी शिक्षकाने शिकविण्याची गरज नव्हती. बालाफोनवर दोन हातांत दोन काठ्या घेऊन जे पाण्यासारखे वाहते स्वर निघतात, तेच त्याने तारांवर आणले. अंगठा खालचा ठेका धरून ठेवी आणि दुसरे बोट वर नक्षी काढी. गाणारा थांबला की गिटार बोलू लागे. ती साथ करीत नसे, उत्तर देई. जेली आपल्या यजमानाला देतो तसे. मध्येच तो तारेवर लोखंडी नळी सरकवून हवाईयन गिटारीचे ओढलेले स्वर काढी. आपल्या आकाशवाणीवर एके काळी हिंदी चित्रपटगीते अशा गिटारीवर वाजत, ती ज्यांनी ऐकली असतील त्यांना हा नाद ओळखीचा वाटेल.

१९६३ साली वृंदात देंबा कमारा आला. हा कोनाक्रीत जन्मलेला. जेलींच्या घरातला नव्हे. ही गोष्ट आपल्याला आज क्षुल्लक वाटेल, पण तेथे ती क्षुल्लक नव्हती. गाणे हे जेलीचे काम. इतरांनी गावे तर घरच्यांना मान खाली घालावी लागे. शेजारच्या माली देशात, सुंदियाताच्या वंशातला म्हणविणारा सालिफ केयता १९७० साली बामाकोच्या रेल्वे वाद्यवृंदात गाऊ लागला तेव्हा त्याच्या घरच्यांना ते मुळीच रुचले नव्हते. कुळवंतांच्या मुलांनी तोंडाला रंग लावावा की नाही, यावर आपल्याकडे जी रणे माजली ती आठवावीत. नव्या वाद्यवृंदांनी हे कुंपण मोडले. एकाच मंचावर जेलीचा मुलगा गिटार वाजवितो आहे आणि जेली नसलेला मुलगा गातो आहे, हे दृश्य म्हणजे तेथल्या समाजात एक लहानशी क्रांतीच होती. आणि खरे सांगावयाचे तर पक्षाच्या जाहीरनाम्यांतल्या मोठ्या क्रांतीपेक्षा ती अधिक टिकली.

देंबाचा आवाज पातळ, गोड आणि किंचित रडवेला होता. त्याला स्पॅनिश येत नव्हते. पण तबकड्यांवरून तो ती गाणी अशी उचली की ऐकणाऱ्याने फसावे. १९६५ साली बेम्बेया जाझ क्यूबाला गेला. तेथे अबेलार्दो बारोसो हा बुजुर्ग गवई, म्हणजे सोनच्या पहिल्या पिढीतला माणूस, देंबाचे गाणे ऐकून रडला, अशी हकीकत सांगतात. का रडला असेल? ज्यांचे पूर्वज साखळदंडांतून आले, त्यांच्या बेटावर एक आफ्रिकन पोर स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या देशाचा पाहुणा म्हणून येतो आणि त्यांचेच गाणे गातो. मी कादंबरीकार आहे. असा प्रसंग मी लिहिला असता तर संपादकांनी ‘फारच जुळवून आणलेले’ म्हणून त्यावर रेघ मारली असती.

१९६४ आणि १९६६ अशा दोन्ही राष्ट्रीय महोत्सवांत बेयलाच्या पोरांनी पहिला क्रमांक पटकावला. १९६६ मध्ये सरकारने त्यांना राष्ट्रीय वाद्यवृंदाचा दर्जा दिला. बेम्बेया जाझ राजधानीत आला, वादक सरकारी नोकर झाले. याच सुमारास ‘सिलीफोन’ ही सरकारी तबकडी-कंपनी सुरू झाली. तिने पुढील पंधराएक वर्षांत दीडशेच्या आसपास तबकड्या काढल्या, आणि त्यांच्या वेष्टनांवर हत्तीचे चित्र असे. देश गरीब होता, दुकानांत तांदूळ वेळेवर मिळत नसे; पण तबकडी निघे आणि नभोवाणीवर ती वाजे.

आता या वृंदाच्या सर्वांत मोठ्या कृतीकडे येऊ. तिचे नाव ‘रगार स्युर ल पासे’, म्हणजे भूतकाळाकडे दृष्टिक्षेप. हे नृत्यगीत नव्हे. पस्तीस मिनिटांहून लांब चालणारा, तबकडीच्या दोन्ही बाजू भरून उरणारा तो एक पोवाडाच आहे. मध्ये फ्रेंच भाषेत गंभीर निवेदन, त्याखाली बालाफोनसारखी वाहणारी गिटार, आणि मांदिंग भाषेत देंबाचे गाणे. विषय : समोरी तुरे.

समोरी हा १८३० च्या सुमारास जन्मलेला एका व्यापारी घरातला मुलगा. १८५३ मध्ये त्याची आई शत्रूच्या हाती पडली. तिला सोडविण्यासाठी तो त्याच शत्रूच्या पदरी शिपाई म्हणून राहिला, आणि लोककथेप्रमाणे सात वर्षे, सात महिने, सात दिवस राबला. तेथे युद्धकला शिकला आणि पुढे स्वतःचे राज्य उभे केले. १८८२ पासून त्याचे फ्रेंचांशी वाजू लागले. तो काही भाल्याबरच्यांचा सरदार नव्हता. त्याच्या लोहारांनी फ्रेंच बंदुका उघडून, पाहून, तशाच बंदुका घडविल्या. सोळा वर्षे त्याने फ्रेंचांना झुंजविले. अखेर २९ सप्टेंबर १८९८ रोजी तो पकडला गेला. त्याला दूर गॅबनच्या जंगलात नेऊन ठेवले. तेथे २ जून १९०० रोजी तो वारला.

तारखा पाहाव्यात. समोरी पकडला गेला २९ सप्टेंबर १८९८ ला. गिनीने ‘नाही’ म्हटले २८ सप्टेंबर १९५८ ला. साठ वर्षांना एक दिवस कमी. सेकू तुरे स्वतःला समोरीचा पणतू म्हणवीत असे. असा योग कोणता राज्यकर्ता वाया घालवील? १९६८ साली, स्वातंत्र्याच्या दहाव्या वर्षी, समोरीच्या अस्थी गॅबनहून समारंभपूर्वक आणल्या गेल्या. त्याच पर्वातला हा पोवाडा. पराभूत पणजा आणि विजयी पणतू, अशी त्याची मांडणी आहे.

गाणे म्हणून त्याला तोड नाही. त्यातील आईच्या कैदेचा भाग ऐकताना शब्द न कळूनही घसा दाटतो. पण इतिहास शिकविणाऱ्या माणसाला गाण्यात काय आहे याबरोबर काय नाही, हेही पाहावे लागते. सिकासो शहराला समोरीने १८८७-८८ मध्ये महिनोगणती वेढा घातला. त्यासाठी रयतेला इतके पिळले की त्याच्याच मुलखात बंड उठले. बंदुका आणि घोडे यांची किंमत त्याने युद्धकैद्यांना गुलाम म्हणून विकून चुकती केली. पूर्वेकडे सरकताना मागे शत्रूला दाणा मिळू नये म्हणून गावे जाळली, आणि १८९७ मध्ये विद्येसाठी प्रसिद्ध असलेले काँग नगर धुळीस मिळविले. या गोष्टी पोवाड्यात येत नाहीत. शाहिराने यजमानाच्या पूर्वजाचे दोष सांगावयाचे नसतात, हा जेलींचा जुनाच दंडक. फरक इतकाच की आता यजमान कोणी सरदार नसून सरकार होते. मला वाटते, समोरी हा मोठा माणूस होता आणि त्याचा मोठेपणा काँगची राख झाकल्याशिवायही उभा राहिला असता. पण हे झाले माझ्यासारख्या दूरस्थाचे मत. ज्यांना शाळेत फ्रेंचांनी समोरी म्हणजे रक्तपिपासू लुटारू एवढेच शिकविले, त्यांना प्रथम उलट टोकाचे गाणे ऐकावेसे वाटले तर तो दोष त्यांचा नव्हे.

हा पोवाडा घेऊन वृंद १९६९ च्या जुलैत अल्जीयर्सच्या अखिल-आफ्रिकी महोत्सवाला गेला आणि रौप्यपदक घेऊन आला. या जुलैच्या मागील मे महिना मात्र पाहिला पाहिजे.

फोदेबा केयता हा गिनीचा कवी, नाटककार, ‘आफ्रिकन बॅले’ या जगप्रसिद्ध नृत्य-पथकाचा संस्थापक. स्वतंत्र गिनीच्या राष्ट्रगीताची चाल त्यानेच सिद्ध केली, तीही आल्फा याया नावाच्या एका राजाच्या जुन्या स्तुतिगीतावरून. जुन्या गाण्याला नवा पोशाख देण्याचा जो मार्ग पुढे सर्व वाद्यवृंदांनी धरला, तो त्याने आधीच आखून दिला होता. तो मंत्रीही झाला. गृह आणि संरक्षण ही खाती त्याने सांभाळली. बोइरो छावणीतला कुप्रसिद्ध तुरुंग त्याच्याच कारकिर्दीत उभा राहिला असे सांगतात. १९६९ च्या मार्चमध्ये कटाच्या आरोपावरून त्याला पकडून त्याच तुरुंगात टाकले आणि २७ मे रोजी मारून टाकले. दोन महिन्यांनी अल्जीयर्सला गिनीचे कलावंत पदके जिंकत होते. राष्ट्रगीताची चाल बदलली नाही. ती आजही तीच आहे.

पुढच्या वर्षी भीतीला खरोखरीचे निमित्त मिळाले. २२ नोव्हेंबर १९७० च्या पहाटे पोर्तुगीज सैनिक आणि गिनीचे काही परागंदा लोक समुद्रमार्गे कोनाक्रीवर चालून आले. गोवा हातचा जाऊन नऊ वर्षे होत आली तरी पोर्तुगालची आफ्रिकेतली साम्राज्यशाही सुटली नव्हती. शेजारच्या पोर्तुगीज गिनीच्या स्वातंत्र्यासाठी लढणारा अमिल्कार काब्राल याचे मुख्य ठाणे कोनाक्रीत होते. त्याला आणि सेकू तुरेला उडवावयाचे, असा बेत. आपले कैदी त्यांनी सोडवून नेले, पण ते दोघे हाती लागले नाहीत. गोमंतकीयांना या राजवटीची ओळख करून देण्याची गरज नाही. पण हल्ला परतवल्यावर जे सुरू झाले ते त्याहून भयंकर. जानेवारी १९७१ मध्ये कोनाक्रीत पुलाखाली चौघांना जाहीर फाशी दिली. त्यांत माजी मंत्री होते. बोइरोची छावणी भरून वाहू लागली. आफ्रिकी ऐक्य संघटनेचा पहिला महासचिव दियालो तेली यालाही पुढे १९७७ मध्ये तेथेच अन्नपाण्यावाचून मारले.

त्याच १९७१ साली बेम्बेयाची ‘यशाची दहा वर्षे’ ही तबकडी निघाली. प्रत्यक्ष जलशात ध्वनिमुद्रित केलेली. श्रोत्यांचा आरडाओरडा, टाळ्या, देंबाची मिस्किली सारे तीत आहे. ऐकताना मनाचे दोन तुकडे होतात. टाळ्या वाजविणाऱ्यांत कोणाचा भाऊ छावणीत होता? आणि नाचत असलेली ती माणसे खोटे नाचत होती काय? मला तसे वाटत नाही. सैन्याच्या आणि पक्षाच्या स्तुतीची गाणी या वृंदाने गायिली, हे लपविण्यात अर्थ नाही. पण शनिवारची रात्र, पितळी वाद्यांची ललकारी आणि गिटारीचे वाहते पाणी हे लोकांचे होते. ते सरकारने दिले तरी लोकांचेच राहिले. पगारी शाहिराचा प्रत्येक शब्द पगाराचा नसतो.

१९७३ च्या मार्चअखेर वृंद डकारला कार्यक्रमासाठी गेला. ३१ तारखेला विमानतळावरून शहराकडे येताना देंबाची मोटार उलटली. सेकू दियाबाते आणि सालिफू काबा त्याच गाडीत होते, ते वाचले. देंबा ५ एप्रिलला गेला. वय अवघे एकोणतीसच्या आसपास. कोनाक्रीत राष्ट्रीय इतमामाने त्याची अंत्ययात्रा निघाली. गवयाला राजासारखा निरोप मिळाला. ज्या समाजात जेलींची पायरी खालची मानीत त्या समाजात, हे ध्यानात घ्यावे.

वृंद मुका झाला. मुख्य गवई गेल्यावर संगीत मंडळ्या बसल्याची उदाहरणे आपल्याकडे ढिगाने आहेत. तसेच होणार असे सर्वांना वाटले. तीन वर्षांनी, १९७६ मध्ये, नवी तबकडी आली तिचे नाव ‘ल देफी’, म्हणजे आव्हान. नवे गवई आले होते, पण आता वृंदाचा खरा आवाज गिटार झाली होती. १९७७ साली लागोसच्या महोत्सवात सेकू दियाबातेची बोटे पाहून लोकांनी त्याला ‘हिरेजडित बोटांचा’ म्हटले, आणि ते बिरुद त्याला कायमचे चिकटले.

नंतरचा भाग लवकर सांगून टाकतो. १९८३ मध्ये सरकारने वाद्यवृंदांचा खर्च उचलणे थांबविले. २६ मार्च १९८४ रोजी सेकू तुरे अमेरिकेत शस्त्रक्रियेच्या वेळी वारला. आठवड्याभरात लष्कराने सत्ता घेतली. बोइरोची दारे उघडली, आणि सरकारी आश्रयाचीही उघडली. म्हणजे कलावंतांना बाहेर पडावे लागले. बेम्बेयाने पॅरिसला जाऊन काही ध्वनिमुद्रिका केल्या, पण जग यांत्रिक ठेक्यांकडे वळले होते, आणि पितळी वाद्यांचा मोठा ताफा पोसणे कोणालाच झेपेना. नव्वदच्या सुमारास वृंद विसकटला. पुढे २००२ साली जुनी मंडळी पुन्हा जमली, नवी ध्वनिमुद्रिका निघाली, युरोप-अमेरिकेचा दौरा झाला. पन्नाशी-साठीच्या माणसांनी चाळीस वर्षांपूर्वीची गाणी वाजविली आणि ज्यांना मांदिंगचा एक शब्द येत नाही ते लोक नाचले.

राहिली गोष्ट फितींची. कोनाक्रीच्या नभोवाणी केंद्रात या सर्व वाद्यवृंदांच्या ध्वनिफिती होत्या. १९८५ च्या फसलेल्या बंडात त्या इमारतीवर तोफगोळे पडले आणि त्यांतल्या काही जळाल्या. बाकीच्याही गेल्या असेच सर्वजण धरून चालले. ग्रेम काउन्सेल नावाच्या ऑस्ट्रेलियन संशोधकाने २००८ पासून पाच वर्षांत तेथे खेपा घालून, ब्रिटिश लायब्ररीच्या मदतीने, उरलेल्या फिती शोधल्या, पुसल्या आणि नव्या पद्धतीने उतरवून घेतल्या. नऊ हजारांहून अधिक गाणी निघाली. त्यांत बेम्बेयाची होती, ज्यांची नावे कोणी ऐकली नव्हती अशा जिल्हा-वृंदांची होती. सिलीफोनच्या तबकड्यांत फुला लोकांच्या भाषेतली गाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आढळतात. देशातला हा एक सर्वांत मोठा समाज, आणि त्यावर सेकू तुरेचा राग होता. नभोवाणीच्या खोलीत मात्र फुला गवयांच्याही फिती निघाल्या. कोणी तरी त्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या, डब्यावर नाव लिहिले होते आणि फळीवर नीट लावून ठेवल्या होत्या.